तुतनखामुनला कुठल्या प्रवेशात काय घालायचं?

प्रश्न असा आहे: कॉलेजच्या संघाने प्राचीन इजिप्तचा राजा तुतनखामुन याच्यावर एकांकिका बसवली आहे. राजाचे तीन प्रवेश आहेत. पहिल्यात दरबार, दुसऱ्यात मोहिमेवर निघणं, तिसऱ्यात मृत्यूनंतरचे विधी. ड्रेपरीवाल्याने सोनेरी लॅमेचा (धातूसारख्या चमकत्या कापडाचा) पायघोळ झगा, निळ्या-सोनेरी पट्ट्यांचा 'मुकुट' आणि टिकल्यांचा कंबरपट्टा असा एकच सेट तिन्ही प्रवेशांसाठी दाखवलाय. यातलं खरं किती, आणि बजेट बेताचं असताना खऱ्याच्या जवळ कसं जायचं?

लॅमेचा झगा परत करा. पट्ट्यांचं ते ठेवा, त्याचा उपयोग आहे, पण तिन्ही प्रवेशांत ते चालणार नाही.

पौराणिक आणि ऐतिहासिक नाटकांचे कपडे शिवण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. इजिप्तचं काम आलं की प्रत्येक दिग्दर्शक तोच एक फोटो पुढे करतो: तुतनखामुनचा सोन्याचा मुखवटा. मुखवटा अप्रतिम आहे यात वाद नाही. ५४ सेंटिमीटर उंच, वजन दहा किलोंच्या वर. पण तो प्रेताच्या चेहऱ्यावर चढवलेला मुखवटा आहे, जिवंत राजाने दरबारात घालायची वस्तू नाही. त्यावरचे निळे पट्टे रंगीत काचेचे आहेत, लाजवर्दाचा, म्हणजे निळ्या मौल्यवान दगडाचा, भास व्हावा म्हणून बसवलेले. आणि डोक्यावर जे दिसतं तो मुकुट नव्हेच, ते डोक्याला बांधायचं कापड आहे. त्याला 'नेमेस' म्हणतात. कपाळावर घट्ट पट्टी, कानांमागून वळवून छातीवर सोडलेली दोन टोकं आणि पाठीवर कापड गोळा करून बांधलेली शेपटी, अशी त्याची रचना. मुखवट्यात सोन्यात घडवलंय ते या कापडाचं रूप.

म्हणून आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. इजिप्तमध्ये राजाच्या डोक्यावर काय आहे यावरून तो त्या क्षणी कोण म्हणून उभा आहे ते कळतं. दक्षिणेचा स्वामी म्हणून, उत्तरेचा म्हणून, दोन्हींचा म्हणून, वारस म्हणून, की मेलेला देव म्हणून? आपल्या नाटकात राजा म्हटलं की एकच किरीट आणि तो पहिल्या घंटेपासून पडदा पडेपर्यंत डोक्यावर. तिथे तसं नाही. प्रवेश बदलला की डोक्यावरचं बदलतं, आणि प्रेक्षकाला ते वाचता येतं असं गृहीत धरलेलं असतं.

याचा सर्वांत जुना ठळक पुरावा म्हणजे नार्मेर राजाची दगडी पाटी, साधारण इ.स.पू. ३१०० ची, हायराकॉनपोलिस इथे १८९७-९८ च्या उत्खननात सापडलेली. एका बाजूला नार्मेर शत्रूचे केस धरून गदा उगारतोय, तेव्हा त्याच्या डोक्यावर उंच, निमुळता, टोकाला गोळा असलेला पांढरा मुकुट आहे. हा वरच्या म्हणजे दक्षिण इजिप्तचा. पाटी उलटली की तोच राजा मिरवणुकीत चाललाय आणि डोक्यावर लाल मुकुट आहे, बुटका, मागे उंच पाठ असलेला आणि पुढे वेटोळं काढलेला. हा उत्तरेचा. पुढे दोन्ही एकात एक बसवून जोडमुकुट झाला. तो किती टिकला पाहा: रोझेटा शिळेवरचा ठराव इ.स.पू. १९६ चा, म्हणजे नार्मेरनंतर जवळजवळ तीन हजार वर्षांनी, आणि गादीवर ग्रीक वंशाचा पाचवा टॉलेमी. तरी त्यात देव्हाऱ्यावर बसवायच्या सोन्याच्या मुकुटांमध्ये मधोमध हाच जोडमुकुट हवा असं बजावलेलं आहे, कारण मेम्फिसच्या देवळात विधीसाठी जाताना राजाने तो घातला होता.

आता वेशभूषाकाराच्या दृष्टीने सगळ्यात गमतीची बाब. पांढरा, लाल, जोड किंवा निळा, यांतला एकही मुकुट आजवर सापडलेला नाही. तुतनखामुनची कबर १९२२ साली हॉवर्ड कार्टरला जवळजवळ भरलेली मिळाली, कपडे, चपला, काठ्या, रथ, सगळं होतं, मुकुट नव्हता. ते चामड्याचे होते, कडक केलेल्या कापडाचे की वेताच्या विणीचे, यावर अभ्यासकांचे तर्क चालू आहेत. मुकुट वारसाहक्काने पुढच्या राजाकडे जात असावा, हाही एक तर्कच. तुमच्यासाठी याचा अर्थ सोपा आहे: पुतळे आणि भिंतींवरची चित्रं जशी दिसतात तसा आकार ठेवा, साहित्य काय वापरायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. तुम्हाला अडवायला खरी वस्तू जगात नाही.

मुकुट नसले तरी डोक्यावरच्या काही वस्तू उरल्या आहेत. लाहून इथल्या दुसऱ्या सेनुस्रेतच्या पिरॅमिडमध्ये १९२० साली कचऱ्यात एक सोन्याचा नाग मिळाला, कपाळावर बसवायचा. उंची जेमतेम पावणेसात सेंटिमीटर, डोकं लाजवर्दाचं, डोळे गार्नेटचे. तुमच्या ड्रेपरीवाल्याचा नाग वीतभर असणार, मी पैज लावतो. खरा नाग लहान असतो, पण फणा काढून उभा आणि मागचं अंग डोक्यावरून नागमोडी गेलेलं. खुद्द तुतनखामुनच्या ममीच्या डोक्यावर सोन्याची पट्टी होती, मागे गाठ मारून फिती सोडल्यासारखी घडवलेली. तिच्यावरचे गिधाड आणि नाग सुटे होणारे होते. शरीर गुंडाळताना ते काढून दोन मांड्यांवर, एकीकडे गिधाड आणि दुसरीकडे नाग, असे ठेवले होते. गिधाड दक्षिणेच्या देवीचं, नाग उत्तरेच्या देवीचा. या सोन्याच्या पट्टीखाली, ममीला गुंडाळलेल्या कापडाच्या वेढ्यांच्या आत, मण्यांनी नाग काढलेली तलम कापडाची घट्ट टोपी थेट डोक्याला बसवलेली होती.

तुमची एकांकिका ज्याच्यावर आहे त्याच्याच कबरीतली उत्तरेची भिंत बघा. मोठ्या आकाराचा चांगला फोटो मिळवा आणि तालमीच्या खोलीत लावा. त्या एका भिंतीवर तुमचे निम्मे प्रश्न सुटतात. उजवीकडे तुतनखामुन मृतांचा देव ओसायरिस याच्या रूपात, ममीसारखा गुंडाळलेला उभा आहे. त्याच्यासमोर 'तोंड उघडण्याचा' विधी करतोय तो आय, वयस्क दरबारी आणि आता पुढचा राजा. आयच्या अंगावर पुरोहिताचं बिबळ्याचं कातडं आणि डोक्यावर निळा मुकुट. मधल्या चित्रात तुतनखामुन पुन्हा जिवंत माणसाच्या वेशात: विग, त्यावर पट्टी, आखूड पांढरं वस्त्र, आणि आकाशदेवी नूट त्याचं स्वागत करतेय. डावीकडे तो नेमेस बांधून ओसायरिसला भेटतोय, मागे त्याचं प्रतिरूप उभं. एक भिंत, एकच राजा, तीन रूपं, आणि दर वेळी डोक्यावर वेगळं काहीतरी. अंगावरच्या कपड्यांत तेवढा फरक नाही, डोक्यावर आहे.

आयच्या त्या निळ्या मुकुटाबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण तुमचा दुसरा प्रवेश त्याच्यावर आहे. याला 'खेप्रेश' म्हणतात. फुगीर, दोन्ही बाजूंना कडा काढलेला, पृष्ठभागावर बारीक गोल चकत्या. लढाईच्या चित्रांत राजे रथात तोच घालून दिसतात, म्हणून त्याला 'युद्धमुकुट' म्हणायची पद्धत पडली आणि नाटकवाले त्याला शिरस्त्राण समजून पत्र्याचा करतात. ते तितकंसं बरोबर नाही. कर्नाकच्या पडलेल्या ओबेलिस्कच्या (उंच दगडी स्तंभाच्या) टोकावर अमुन देव गुडघे टेकलेल्या हातशेपसुत राणीच्या डोक्यावर हाच मुकुट ठेवतोय, आणि तिथे युद्धाचा संबंध नाही. आय तर अंत्यविधी करतोय. गादीचा खरा वारस आता मी आहे, हे त्या मुकुटातून सांगितलं जातंय. तुमच्या संहितेत आय असेल तर तिसऱ्या प्रवेशात त्याला निळा मुकुट घालून आणा. सत्ता कुणाकडे गेली ते सांगायला वेगळा संवाद लागणार नाही.

मोहिमेच्या प्रवेशात तुतनखामुनला खेप्रेश चालेल, पण त्यासोबत दोन गोष्टी जोडा. एक म्हणजे चिलखत. त्याच्या कबरीत चामड्याच्या खवल्यांचं चिलखत मिळालं आहे, कापडी अस्तरावर खवले ओळीने शिवलेलं. आपल्याकडे जुन्या चामड्याच्या बॅगा, पट्टे कापून हे सुरेख होतं. वेळ खूप जातो, म्हणून छातीपुरतंच करा. दुसरी गोष्ट कुणी करत नाही: हातमोजे. कबरीत विणलेल्या मोज्यांच्या जोड्या निघाल्या. हातमोजे तेव्हा मानाची वस्तू होती. हाच आय, आधीच्या काळात राजा अखेनातेनकडून लाल मोजे मिळाले म्हणून ते घालून मिरवतोय आणि मंडळी कौतुकाने हात लावून बघतायत, असं दृश्य अमार्नाच्या त्याच्या कबरीत कोरलेलं आहे. लगाम धरायला निघालेल्या कोवळ्या राजाने मोजे चढवले तर नटाला हाताला काम मिळतं आणि प्रेक्षकाला काहीतरी नवीन दिसतं.

दरबाराचा प्रवेश. तुमच्याकडे राज्याभिषेक नाही, नुसता दरबार आहे, तेव्हा जोडमुकुटाच्या भानगडीत पडू नका. उंच मुकुट तोलताना नवखा नट मान ताठ करून बोलतो आणि आवाज दबतो. इथेच तुमचा पट्ट्यांचा नेमेस वापरा. फक्त सोनेरी सॅटिनचा असेल तर त्याची चमक मारून टाका, चहाच्या पाण्यात बुडवा किंवा उलट्या बाजूने शिवा. नव्याने करायचा असेल तर कडक कापडाचा अर्धगोल कापा, सरळ कड कपाळावर घ्या, तिला आतून बुक्रमची (ताठ अस्तराची) पट्टी लावा आणि मागे बांधायला बंध द्या. हा कट मी मनचा सांगत नाहीये. तुतनखामुनच्या ममीकरणात वापरलेल्या वस्तूंचा साठा १९०७-०८ मध्ये थिओडोर डेव्हिसच्या खोदकामात मिळाला, त्यात बंध लावलेले कापडी रुमाल होते, डोक्याला बांधायचे. ते आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहेत. नेमेसपेक्षा साधा, बिनपट्ट्यांचा, मागे पिशवीसारखा गोळा होणारा प्रकार म्हणजे 'खात'. कबरीच्या आतल्या दारावर उभ्या असलेल्या दोन काळ्या रक्षक पुतळ्यांपैकी एकाने नेमेस घातलाय, दुसऱ्याने खात. राजाचा एखादा खासगी क्षण असेल, राणीबरोबरचा, तर खात द्या. स्वस्त पडतो आणि माणूस मवाळ दिसतो.

कोणतंही शिरोवेष्टन असो, एक नियम पाळा. राजाच्या मुकुटाखालून किंवा नेमेसखालून केसांची बट दिसता कामा नये. पुतळ्यांत कपाळपट्टी भुवयांच्या थोडी वर सरळ आडवी जाते आणि कान मोकळे राहतात. नटाचे कल्ले आणि मानेवरचे केस बाहेर डोकावले की सगळा डोलारा कोसळतो.

आता अंगावरचं. इथे लॅमे का नको, त्याचं उत्तर आहे. राजाचा कपडा लिननचा, म्हणजे जवसाच्या खोडातून काढलेल्या धाग्याचा, आणि बहुतेक वेळा पांढरा. लिननला रंग नीट धरत नाही. श्रीमंती दिसायची ती सुताच्या तलमपणात, धुलाईत आणि चुण्यांत. सुती कापड फॅरोंच्या, म्हणजे इजिप्तच्या या राजांच्या, काळात नव्हतंच, तेव्हा दुकानदार 'इजिप्शियन कॉटन' म्हणून गळ्यात मारायला लागला तर हसून सोडून द्या. ती एकोणिसाव्या शतकातली लागवड आहे. लोकर होती, पण ग्रीक इतिहासकार हेरोडोटस लिहितो की देवळात लोकरीचं काही न्यायचे नाहीत आणि मृताबरोबरही पुरायचे नाहीत. आपल्याकडे सोवळ्याला धाबळी चालते आणि सुती कपडा मात्र धुऊन वाळवलेला लागतो. तिथे नेमकं उलट, लोकर विटाळाची.

लिनन किती टिकतं याचं एक उदाहरण सांगतो, कारण शिवणाऱ्या माणसाला ते बघून हात जोडावेसे वाटतात. इजिप्तमध्ये तारखान इथे उत्खनन करणाऱ्या पेट्रीने १९१३ मध्ये चिंध्यांचा एक बोळा उचलून आणला. तो तसाच पडून होता. १९७७ मध्ये साफसफाईत तो उलगडला तेव्हा आतून एक अंगरखा निघाला: तिकोनी गळा, बाह्यांवर आणि खांद्यावर एकसारख्या बारीक चुण्या. कार्बन चाचणीने तो पाच हजार वर्षांहून जुना ठरला, नार्मेरच्या आसपासचा किंवा आधीचा. कोपर आणि काखेपाशी सुरकुत्या पडलेल्या आहेत, म्हणजे कुणीतरी तो खरोखर वापरला होता. लंडनच्या पेट्री म्युझियममध्ये तो आहे. चुण्या घालायची हौस इतकी जुनी.

राजाचं मूळ वस्त्र म्हणजे आखूड 'शेंदित'. चुण्या घातलेलं कापड कमरेभोवती गुंडाळायचं, गोलसर कापलेली दोन टोकं पुढे एकमेकांवर आणायची आणि मधे वरून खाली रुंद होत जाणारी एक पट्टी लोंबती सोडायची. कमरेला पट्टा, बक्कलवर राजाचं नाव, मागे बैलाचं शेपूट. हे शेपूट विसरू नका. बसलेल्या राजांच्या अनेक पुतळ्यांत दोन पायांच्या मधे त्याचं टोक कोरलेलं दिसतं. गीझाला १९०८ मध्ये सापडलेल्या राजा मेनकाउरेच्या त्रिमूर्तींमध्ये (तीन आकृत्यांच्या पुतळ्यांत) राजाच्या अंगावर शेंदित आणि डोक्यावर पांढरा मुकुट, बाकी फारसं काही नाही, आणि तो सोन्याने मढवलेल्या कुठल्याही नटापेक्षा जास्त राजा वाटतो.

तुतनखामुन मात्र त्यानंतर हजार-बाराशे वर्षांनी झाला. तोवर फॅशन बदलली होती. आखूड वस्त्रावर लांब झिरझिरीत अंगरखा, त्यावर चुण्यांची शाल छातीखाली गाठ मारलेली, पुढे रंगीत पट्टा सोडलेला. तूरिनच्या संग्रहालयातला दुसऱ्या रामसेसचा बसलेला पुतळा याचा उत्तम नमुना आहे. डोक्यावर खेप्रेश, हातात आकडीदार दंड, पायात सपाता, आणि चुण्यांच्या रुंद बाहीची रेघन्‌रेघ दगडात काढलेली. तो तुतनखामुननंतरचा असला तरी कट समजायला याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही. तुतनखामुनचे खरे अंगरखेही मिळाले आहेत आणि ते शिवायला फार सोपे आहेत. लांब आयत मधून दुमडायचा, गळ्याला की-होल कापायचा, दोन्ही कडा शिवायच्या, हातांपुरती जागा सोडायची. एकावर तर गळ्याला आणि काठाला भरतकामाच्या पट्ट्या आहेत, सीरियाकडच्या वळणाच्या. म्हणजे रंग अगदीच वर्ज्य नव्हता, पण तो काठाला होता. तुमच्या हातात रंगीत जरीकाठ असेल तर तिथे लावा, अंगभर नको. त्याच कबरीत शंभरावर त्रिकोणी लंगोट होते, तेही अतितलम विणीचे, आणि चपलांच्या पट्ट्यासाठी अंगठा वेगळा ठेवलेले मोजे. हे रंगमंचावर दिसणार नाही, पण नटाला सांगा. आपण काय घालून उभे आहोत हे कळलं की चाल बदलते.

कापडासाठी शुद्ध लिनन परवडणार नाही. पातळ मांजरपाट किंवा मलमल घ्या, दोनदा धुवा, हलकी खळ द्या. लॅमेच्या भाड्यात हे सगळं कापड येईल. चुण्यांसाठी प्रेसवाल्याच्या मागे लागू नका. ओलं कापड बारीक घड्या घालत हाताने गोळा करा, पीळ द्या, सुतळीने बांधा आणि कडक उन्हात दोन दिवस वाळू द्या. प्रयोगाच्या आधी सोडा. घामाने त्या उतरतात, म्हणून रंगीत तालमीचा कपडा प्रयोगाला वापरायचा नाही.

दागिन्यांबद्दल थोडक्यात. खांद्यावर पसरणारा रुंद गळपट्टा पुरे, मण्यांच्या ओळींचा. तो पुढे ओघळतो आणि गळ्याला काचतो. इजिप्तच्या लोकांनाही तो त्रास होता, म्हणून ते पाठीवर वजन सोडायचे. तुम्हीही मागे शिशाचा तुकडा शिवा. आकडा आणि चाबूक हातात हवेतच, निळ्या-सोनेरी पट्ट्यांचे. यातली एक लहान जोडी कबरीत मिळाली, तिच्यावर राजाचं आधीचं नाव, तुतनखातेन, आहे. म्हणजे तो लहान असतानाची. नट ते छातीवर फुली करून सारखा धरून राहील, त्याला थांबवा. ती ओसायरिसची पोझ आहे, तिसऱ्या प्रवेशासाठी राखून ठेवा.

आणि पायांचं. राजाच्या चपला हा वेगळाच विषय आहे. नार्मेरच्या पाटीवर राजा अनवाणी आहे आणि मागे एक सेवक त्याच्या चपला हातात घेऊन चाललाय. तुतनखामुनच्या एका जोडीच्या तळव्यावर, आत, बांधलेल्या नूबियन आणि आशियाई कैद्यांची चित्रं आहेत. पाऊल टाकलं की शत्रू पायाखाली. पहिल्या प्रवेशात चपला काढून सेवकाच्या हातात देताना तळवा प्रेक्षकांकडे वळला तर मागच्या रांगेलाही दिसेल, चित्र मात्र मोठं काढा.

राहिली दाढी. ती नकली असायची, हनुवटीला बांधलेली. हातशेपसुतने ती स्त्री असूनही लावली. जिवंत राजाची दाढी सरळ आणि खाली चौकोनी तुटलेली, देवाची आणि मेलेल्या राजाची वेणी घातलेली, टोकाला पुढे वळलेली. मुखवट्यावर आहे ती वळलेली. त्यामुळे पहिल्या दोन प्रवेशांत सरळ लावा किंवा अजिबात लावू नका, आणि तिसऱ्यात वळलेली. दोन्ही ईव्हीए फोमच्या करा, चिकटवू नका. कानामागून जाणारं पातळ इलॅस्टिक द्या आणि ते नेमेसच्या कपाळपट्टीत अडकवा. मेकअपला वेळ मिळणार नाही, तिसऱ्या प्रवेशाआधी विंगेत अर्ध्या मिनिटात बदलता आली पाहिजे.